हार्ड डिस्क उघडत नाही तेव्हा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांत सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतला असून बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माझं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की बँकेतला माणूस आहे, मुदत ठेवींवर बोलेल. पण यंदा आपल्या कॉलनीत चर्चा झाली ती वेगळ्याच ठेवीची. स्मरणिकेसाठी जुने फोटो द्या, अशी नोटीस लागली आणि घराघरांतल्या कपाटांतून हार्ड डिस्क बाहेर निघाल्या. भूमिपूजन, पहिला गणपती, गच्चीवरची कोजागिरी, सगळं त्यात. समितीकडे एकूण ११ डिस्क आल्या आणि त्यातल्या ४ उघडल्याच नाहीत. त्यांपैकी ३ मार्गी लागल्या, १ कायमची गेली. या चौघींची हकीकत सांगितली की विषय आपोआप कळेल. संबंधित मंडळींची परवानगी घेतली आहे, नावं मात्र घेणार नाही.

आधी डबीच्या आत काय असतं ते थोडक्यात. आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते, एक किंवा अनेक. आपल्या घरातल्या बहुतेक डिस्कमध्ये ती मिनिटाला ५४०० फेरे फिरते. तिच्यावर वाचणारं-लिहिणारं छोटं हेड तरंगत असतं, तबकडीला न टेकता. मधलं अंतर केसाच्या जाडीच्या कितीतरी पटींनी कमी. म्हणून डिस्क फिरत असताना तिला धक्का लागू द्यायचा नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायचं किती, तर सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाइलचा एखादा चांगला फोटोच तेवढी जागा घेतो. असो.

तबकडीवर मजकूर असतो आणि मजकुराची अनुक्रमणिकाही असते. जुन्या मंडळींना लेजरची इंडेक्स आठवत असेल. कोणाचं खातं कुठल्या पानावर, हे त्यात लिहिलेलं. इंडेक्स फाटली तर खाती बुडत नाहीत; शोधायला त्रास होतो, एवढंच. हे लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

म्हणजे बिघाड कुठे असू शकतो? वायरमध्ये, विजेत, डबीतल्या छोट्या सर्किटात, अनुक्रमणिकेत किंवा खुद्द तबकडी-हेडमध्ये. बाहेरून सगळ्यांचं लक्षण एकच दिसतं: डिस्क उघडत नाही. आणि आपण घाबरून नेमकं सर्वांत शेवटचं औषध पहिल्यांदा देतो. बँकेत एखाद्या लॉकरचं कुलूप अडलं तर कोणी लगेच घण घेत नाही. आत कोणाचं काय आहे, खातेदार हजर आहे का, साक्षीदार कोण, हे आधी. फोडायचं ते शेवटी, आणि तेही यादी करून. डिस्कचं तसंच. पहिला प्रश्न "चालू कशी करू" हा नाही. "आत जे आहे त्याची दुसरी प्रत कुठे आहे का" हा आहे. असेल तर खुशाल प्रयोग करा. नसेल तर प्रत्येक पाऊल जपून.

आता पहिली डिस्क, सी विंगमधली. दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला पत्ता नाही. घरच्यांनी धरूनच चालवलं होतं की ती गेली. मी विचारलं, मूळ वायर कुठे आहे? ती म्हणे घर बदलताना हरवली, ही मोबाइलच्या चार्जरची लावतोय. या डिस्कचं भोक रुंद आणि दोन भागांचं असतं, आणि जुन्या मोबाइलची बारीक पिन त्यातल्या मोठ्या भागात बसते. बसते म्हणून लोक लावतात. पण चार्जिंगच्या काही वायरींत फक्त विजेच्याच तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. दिवा लागणार, काम होणार नाही. समितीकडच्या दुसऱ्या डिस्कची वायर लावली आणि भूमिपूजनाचे फोटो बाहेर आले. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर पाहाल, ते तिच्यातलेच.

म्हणून वायर आधी बदला. आखूड, जाड, डिस्कबरोबर आलेली वायर सर्वांत बरी. मग दुसरं भोक. टेबलावरच्या कॉम्प्युटरला पुढच्या बाजूची भोकं असतात, तिथे कधीकधी वीज कमी पोचते. मागचं वापरून पाहा. एकाची चार करणारे जोड असतात, ते काढून टाका. जुन्या यूएसबीच्या भोकातून ५०० मिलिअँपिअर मिळण्याची हमी असते, नव्या यूएसबी ३ मधून ९००. हे नवं भोक बहुधा आतून निळं असतं. डिस्क फिरायला लागताना सर्वांत जास्त वीज ओढते. ती कमी पडली की घूं करते, थांबते, पुन्हा घूं करते. हा आजार डिस्कचा नाही, उपासमारीचा आहे. आणि मग दुसरा कॉम्प्युटर. शेजारी जा, चहा होईल आणि खात्रीही होईल.

मोठ्या, टेबलावर ठेवायच्या डिस्कना वेगळा अडॅप्टर लागतो, बहुतेकांना १२ व्होल्टचा. आता आपल्या घरात काळे अडॅप्टर किती? सेट टॉप बॉक्सचा, वायफायचा, लॅपटॉपचा, कीबोर्ड-पेटीचा. पिन सारखी दिसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा जर त्यात बसवला, तर डिस्कचं सर्किट जळू शकतं. प्रत्येक अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहा. आज घरी गेल्यावर करा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी डिस्क सोपी निघाली. आवाज ठीक, दिवा ठीक, विंडोज "जोडली" असा टुंग आवाजही करतं, पण यादीत दिसत नाही. स्टार्टच्या खुणेवर उजवं बटण दाबलं की डिस्क मॅनेजमेंट नावाची खोली उघडते. तिथे ती व्यवस्थित बसलेली होती, फक्त तिला अक्षर मिळालेलं नव्हतं. आपण सी, डी, ई म्हणतो ना, ते. तिथूनच अक्षर दिलं आणि झालं. मात्र त्या खोलीत हात आवरून वागायचं. तिथे कधी कधी डिस्क इनिशिअलाइझ करायची का, असं विचारतात. जुनी, भरलेली डिस्क असेल तर नाही म्हणायचं आणि बाहेर यायचं.

तिसरी डिस्क आपल्या संस्थेची. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आपण थोडक्यात वाचलो. संस्थेच्या ऑफिसात जी डिस्क आहे तिच्यात मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, आय फॉर्मचं सभासद रजिस्टर, २५ वर्षांची इतिवृत्तं असं सगळं स्कॅन करून ठेवलेलं आहे. इमारत पंधरा वर्षांची झाली की उपविधीप्रमाणे ठरावीक मुदतीने स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, त्याचे अहवालही त्यातच. एका दुपारी कॉपी चालू असताना वीज गेली. परत आल्यावर डिस्क जोडली, तर पडद्यावर सूचना: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं. आपल्या ऑफिसातल्या मुलाचं कौतुक केलं पाहिजे. त्याने बटण दाबलं नाही, फोन केला.

ही सूचना वाचून माणसाला वाटतं, कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे करायलाच हवं. कॉम्प्युटरचं म्हणणं इतकंच असतं की मला अनुक्रमणिका वाचता येत नाही, कोरी घालून देऊ का? आपण हो म्हटलं की कोरी इंडेक्स चिकटते. क्विक फॉरमॅट असेल तर खालची पानं बहुतांशी तशीच राहतात. ती क्विकची खूण काढलेली असेल तर मात्र आताचं विंडोज सगळी पानं शून्यांनी भरून टाकतं, मग ब्रह्मदेवही काही करू शकत नाही. आणि फॉरमॅटनंतर त्याच डिस्कवर नवं काही साठवलंत, तर ते जुन्या पानांवरच लिहिलं जातं. म्हणून नाही म्हणा, वायर काढा, शांत बसा.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. कधी कधी डिस्क धडधाकट असूनही अशी सूचना येते. मुलाने अमेरिकेतून मॅकवर फोटो भरून पाठवले असतील, तर आपलं विंडोज ती लिपी वाचू शकत नाही आणि फॉरमॅट करू का विचारतं. उलट, विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालवायची असेल तर रिकामी असतानाच एक्सफॅट पद्धतीने तयार करून घ्यावी.

तर संस्थेच्या डिस्कचं काय केलं? प्रथम दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावली. तेच. मग क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते, ती तो दाखवतो: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. निळा होता. म्हणजे तबकडी बरी, इंडेक्स बिघडलेली. नवी डिस्क विकत आणली आणि टेस्टडिस्क या प्रोग्रॅमने जितकी फोल्डर नावासकट दिसली तितकी नव्या डिस्कवर उतरवली. उरलेलं फोटोरेक नावाच्या त्याच्या भावंडाने बाहेर काढलं. हा भावंड मोठा कामाचा, पण तो इंडेक्स बघतच नाही, एकेक पान उलटून ओळखतो. त्यामुळे फायली आल्या, पण नावं गेली. हजारो फायली, सगळ्या नुसत्या आकड्यांच्या. ए विंगमधल्या दोन कॉलेजच्या मुली चार संध्याकाळी बसल्या आणि एकेक उघडून नावं देत गेल्या. समितीने त्यांचा सत्कार करावा, असं मी इथे जाहीर सुचवतो.

हे सगळं नव्या डिस्कवर काढलं, जुन्यावर नाही, हे ध्यानात घ्या. विंडोजचा स्वतःचा दुरुस्तीचा उपाय आहे, चेकडिस्क. चांगला आहे, पण तो त्याच डिस्कवर लिहीत सुटतो. आधी प्रत, मग दुरुस्ती. हा क्रम उलटा केला तर जे थोडं शिल्लक असतं तेही जाऊ शकतं.

आता चौथी डिस्क. ती गेली.

टीव्हीला जोडून, उभी ठेवून, त्यावर जुनं चित्रण बघत होते. नातवाचा पाय वायरीत अडकला, डिस्क फिरत असतानाच खाली आली. नंतर जोडली की टक् टक् टक् असा आवाज. हेड जागा शोधतंय, सापडत नाही, परत जातंय, पुन्हा येतंय, त्याचा तो आवाज. असा आवाज आला की एकच करायचं, वायर काढायची. पुन्हा लावून बघायची नाही. "एकदा शेवटचं" सुद्धा नाही. मोडलेलं हेड तबकडीवर घासत असेल, तर मजकूर अक्षरशः खरवडला जातो. इथे झालं असं की परगावचा मुलगा फोनवरून सांगत होता आणि दोन दिवस डिस्क जोडली-काढली गेली. कोणी म्हणालं, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. हा उपाय फार फिरतो. करू नका, आत दव धरतं. मग एका दुकानात नेली, त्याने टेबलावरच झाकण उघडून पाहिलं. जिथे केसाहून बारीक अंतराचा मामला, तिथे धुळीचा कण म्हणजे दगड. हे काम धूळविरहित खोलीत, तशाच दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून करतात. शेवटी अशा ठिकाणी पाठवली तेव्हा उत्तर आलं की तबकडीवर चरे आहेत, काही निघणार नाही. लगेच पाठवली असती तर निघालंच असतं, असं कोणीही छातीठोक सांगणार नाही. शक्यता होती, एवढंच म्हणता येतं.

तिच्यात आपल्या कॉलनीच्या पहिल्या भोंडल्याचं चित्रण होतं. गाणी सांगणाऱ्या आजी आज आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज आणखी कुठेच नाही. मी घराघरांत विचारून पाहिलं.

खर्चाचं सांगतो. असं काम हजारांत जातं आणि यशाची हमी मिळत नाही. आधी लेखी अंदाज घ्या, काही न निघाल्यास किती आकारणार ते विचारा. वॉरंटीवर विसंबू नका. वॉरंटी डबीची असते, आतल्या मजकुराची नाही. कंपनी नवी डिस्क देते आणि जुनी ठेवून घेते, तुमच्या पासबुकाच्या स्कॅनसकट.

डिस्क बहुधा सांगूनही जाते बरं का. फोल्डर उघडायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो, कॉपी मध्येच थिजते, कॉम्प्युटर गोठतो. अशा वेळी साफसफाई करत बसू नका. सर्वांत मोलाचं आधी उचला: कागदपत्रं, घरचे फोटो. सिनेमे राहू देत.

किरकोळ तक्रारी भराभर उरकतो. १ टीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो, दुकानदाराने फसवलं का? नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. भागून पाहा, बरोबर ९३१ येतं. मी कागदावर करून पाहिलंय, सवय जात नाही. दुसरं, झेरॉक्सच्या दुकानातून आल्यावर सगळी फोल्डर शॉर्टकट झाली, हा व्हायरस. फोल्डर गेलेली नसतात, लपवलेली असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, आधी अँटीव्हायरस चालवा, मग लपलेलं दाखवून घ्या. छपाईला नेताना डिस्क नेऊच नये, जेवढं हवं तेवढं पेन ड्राइव्हवर न्यावं. तिसरं, मोठी फाइल कॉपी होत नाही: फॅट३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. चौथं, काढताना "इजेक्ट" करा. लिहायचं काही उरलेलं असेल तर ते पुरं होतं.

आता प्रतीचं. ८० च्या दशकात आमच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. संघटनेत वाद, घरी चर्चा, सगळं झालं. पण एक शिस्त कोणी मोडली नाही. दिवसअखेर बॅकअप घेतल्याशिवाय शटर खाली येत नसे आणि एक प्रत शाखेच्या बाहेर जायची. तिजोरीच्या दुसऱ्या चाव्याही आपल्याच शाखेत ठेवत नाहीत, कारण आग लागली तर दोन्ही जातील. फोटोग्राफर मंडळींत हाच नियम आकड्यात सांगतात, ३-२-१: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे लोक काय करतात? फोनमधले फोटो डिस्कवर घेतात, फोन रिकामा करतात आणि म्हणतात बॅकअप घेतला. अहो, प्रत एकच राहिली ना! ती फक्त फोनमधून कपाटात गेली.

संस्थेसाठी मी सुचवतो की दोन डिस्क कराव्यात, एक सेक्रेटरींकडे, एक अध्यक्षांच्या घरी, म्हणजे वेगळ्या विंगमध्ये. दर एप्रिलमध्ये हिशेब बंद करताना दोन्ही उघडून दहा-वीस फायली प्रत्यक्ष पाहाव्यात आणि तसं इतिवृत्तात नोंदवावं. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड. आणि मूळ नकाशे, प्रमाणपत्रं स्कॅन झाली म्हणून टाकू नका. न्यायालयात आणि महापालिकेत अजून कागद मागतात.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यातली काही.)

क्लाऊडवर ठेवलं तर डिस्क हवीच कशाला? — तीन प्रतींतली एक म्हणून जरूर ठेवा. गुगलवर फुकट १५ जीबी मिळते, त्यात मेलही धरलेली असते. पण फोनवर पुसलं की तिथलंही पुसलं जाऊ शकतं, हे पाहून घ्या. आणि पासवर्ड फक्त यजमानांना माहीत असेल तर त्यांच्यामागे घरच्यांनी काय करायचं? गुगलमध्ये इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, ठरावीक काळ खातं वापरलं नाही तर आपण सांगितलेल्या व्यक्तीला माहिती मिळते. बँकेतल्या नॉमिनेशनचा फॉर्म भरता, तसा हाही भरा.

एसएसडी घेऊ का? — तिच्यात फिरणारं काही नाही, पडली तरी सहसा वाचते, वेगही जास्त. पण कपाटात वर्षानुवर्षं विजेविना ठेवायला ती तितकीशी बरी नाही. घेतलीत तर अधूनमधून जोडत जा.

बंद पडलेली जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ का? — देऊ नका. चालू असेल तर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा आणि मग ई-कचऱ्यात द्या. चालतच नसेल तर तबकडीच मोडावी लागते, कारण पॅन, आधार, सह्या सगळं तिच्यावर असतं. रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या ऑफिसात असेन, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच आहे. डोळ्यांसमोर फोडून देईन. आतली लोहचुंबकं मात्र मी ठेवून घेतो, फार जोरदार असतात.